वातीवाले सर

वातीवाले सर पहिल्यांदा जालन्यात उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात पितळी तांब्या होता आणि खांद्याला कापडी पिशवी. त्यांना आणायला स्टेशनवर गेलेला आमच्या दवाखान्याचा ड्रायव्हर त्यांच्यासमोरून दोनदा गेला आणि फोन करून म्हणाला, "मॅडम, हैदराबादचे मोठे डॉक्टर काही आले न्हाईत. एक आजोबा तेवढे उतरलेत. देवाला निघाल्यावानी दिसून राह्यले." मी म्हटलं, त्यांनाच घेऊन ये.

सर मूळचे परभणीकडचे. मेंदूचे सर्जन म्हणून सगळी नोकरी हैदराबादेत झाली. निवृत्त झाल्यावर एकच काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, लहान शहरांतल्या डॉक्टरांना फिट्सचं यंत्र बसवायला आणि सांभाळायला शिकवायचं. ज्यांच्या फिट्स दोन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नाहीत, आणि मेंदूच्या ऑपरेशनचा ज्यांना उपयोग नसतो, अशांसाठी हे यंत्र. छोट्या डबीएवढं असतं. डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत ते ठेवतात आणि त्याची वायर मानेतल्या एका नसेभोवती गुंडाळतात. दर पाचेक मिनिटांनी ते त्या नसेला अर्धा मिनिट हलका करंट देतं. काही महिन्यांत फिट्स हळूहळू कमी होत जातात. मोठ्या शहरांत हे जुनं झालं होतं. पण आमच्या जिल्ह्यातल्या मंठ्याच्या माणसाने करंट वाढवून घ्यायला दर वेळी हैदराबाद गाठायचं कसं? म्हणून आमच्या दवाखान्याने ठरवलं की इथेच शिकायचं. शिकणारे दोघे. एक आमचे मेंदूचे सर्जन, ज्यांना सगळा दवाखाना अप्पा म्हणतो, आणि दुसरी मी, फिट्सची ओपीडी बघणारी डॉक्टर.

तांब्याचं काम असं. सरांच्या पत्नी समईसाठी लांब वाती वळत. त्यातल्या चार-सहा सर पिशवीत टाकून आणत. वात पाण्यात भिजवायची, तांब्याच्या तळाशी आडवी बसवायची, आणि अरुंद तोंडातून दोन चिमटे आत घालून वायरच्या टोकाची नाजूक वेटोळी तिच्याभोवती गुंडाळायची. सर म्हणत, "नस एवढीच मऊ असते, अन् मानेत एवढीच खोल. रबराच्या नळीवर शिकलेला माणूस नस ओढतो. वात ओढली की दिसतं." खरंच दिसायचं. जरा ताण बसला की कापसाचे तंतू सुटत. मग सर ती वात खिडकीपाशी उजेडात धरून विचारत, "ही कोणाची?"

अप्पा हात वर करत.

"मंग ह्या माणसाचा आवाज गेला. आता त्याच्या बायकोला तुम्ही सांगा."

त्या नसेतूनच स्वरयंत्राकडे फाटा जातो, म्हणून हे. पहिल्या दिवशी अप्पांनी इतक्या लोकांचे आवाज घालवले की दुपारी जेवताना ते स्वतःच कुजबुजत बोलत होते. त्या दिवसापासून सरांना वातीवाले सर हे नाव पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. "हैदराबादेत मंडळी कापणारा म्हनत व्हती. हे बरंय," एवढंच म्हणाले.

घाई त्यांना खपत नसे. "जल्दी न्हाई, बराबर," हे त्यांचं वाक्य. आम्ही कामाला लागलो की ते तोंडातल्या तोंडात चालू असे. मी सर्जन नाही, तरी त्यांनी मलाही तांब्यात हात घालायला लावला. मी विचारलं, "सर, मला कुठे ऑपरेशन करायचंय?"

"ताई, आत काय केलंय हे हाताला ठाऊक नसलं, तर बाहेरून करंट वाढवताना माणूस एक तर घाबरतच न्हाई, न्हाई तर लई घाबरतो. दोन्ही वाईट."

आणि अप्पांना त्यांनी माझ्या ओपीडीत बसवलं. अप्पा दोन तासांत कंटाळले. "सर, मी कापणारा माणूस. मला खुर्चीत बसवून काय फायदा?"

"बसवणं एका सकाळचं काम हाय, अप्पा. सांभाळणं कितीक वर्षांचं. ज्याला सांभाळायचा कंटाळा, त्यानं बसवूच नये."

अप्पा त्यानंतर दर बुधवारी माझ्या शेजारी बसू लागले. आजही बसतात.

यंत्र शिकवायला आलेल्या माणसाने यंत्र नको म्हणावं, हेही आम्ही त्यांच्याकडूनच पाहिलं. शहागडला हायवेवर ज्याचा धाबा आहे असा एक धडधाकट माणूस ओपीडीत आला. "साहेब, खर्चा किती बी होऊ द्या, पन मशीन बसवा," म्हणून हटून बसला.

सरांनी विचारलं, "रात्रीची गोळी कधी घेता?"

"गिऱ्हाईक संपलं की."

"अन् गिऱ्हाईक कधी संपतं?"

तो हसला. "हायवेला कुठं संपतंय, साहेब!"

सरांनी त्याला यंत्र दिलं नाही. गोळी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला बांधून दिली आणि धाब्यावरच्या आचाऱ्याला फोन लावून त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्याच्या फिट्स थांबल्या. "कोणाला बसवायचं न्हाई, हे बी शिकून घ्या. ते शिकवायला कोणतीच कंपनी येनार न्हाई," सर म्हणाले.

आणि फिटची चौकशी ते पेशंटकडे कधीच करत नसत. "त्याला काय आठवतंय? तो तर तेव्हा तिथं नसतोच. घरच्याला विचारा." पेशंट समोर बसलेला असताना सर त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोशी, आईशी बोलत. पेशंटला राग यायचा. माहिती मात्र खरी मिळायची. या सवयीमुळेच पुढे जुगल वाचला.

जुगल आमचा पहिला पेशंट. राजस्थानातून कितीतरी पिढ्यांपूर्वी जालन्यात आलेल्या व्यापारी घरातला, वय तिशीच्या आत. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, त्यांची अडत. शेतकऱ्याचा माल आला की ढिगापाशी उभं राहून हर्राशी बोलायची, म्हणजे लिलाव पुकारायचा, हे काम जुगलचं. आवाज असा की अख्ख्या मोंढ्यात तो एकट्याचाच ऐकू येई. आणि फिट आली की हाच जुगल हर्राशीच्या मधोमध सोयाबीनच्या ढिगावर कोसळे. तीन औषधं चालू होती. त्याचा थोरला भाऊ मला स्वच्छ म्हणाला होता, "मॅडम, भरल्या मोंढ्यात असं पडनं बरं दिसत न्हाई. हे थांबलं न्हाई तर मी त्याला घरी बसवनार. हर्राशी मुनीमजी बोलतील." जुगल तेव्हा भावाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

त्याचं ऑपरेशन अप्पांनी केलं. सर शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. ही त्यांची रीतच होती. एकदा अप्पांचा चिमटा थांबला, त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी हात सोडले नाहीत. "जल्दी न्हाई," एवढंच म्हणाले. वेटोळी बसली. जुगलचा आवाज शाबूत राहिला. घरी जाताना सरांनी त्याच्या हातात एक चुंबक दिलं. फिट येणार असं वाटलं की ते यंत्रावरून फिरवून लगेच बाजूला घ्यायचं, म्हणजे यंत्र जादा करंट देतं. आणि तेच चुंबक यंत्रावर धरून ठेवलं तर यंत्र तेवढा वेळ बंद राहतं. सरांनी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि शेवटी बजावलं, "हे महाग हाय बाबा. हरवू नको. चोवीस तास जवळ पाहिजे."

पुढचे काही महिने मी दर भेटीला करंट थोडा थोडा वाढवत गेले. जुगल यायचा, शर्ट आणि आतली बंडी काढून खुंटीला अडकवायचा आणि समोर बसायचा. बोलता बोलता अर्धा मिनिट त्याचा आवाज घोगरा व्हायचा. म्हणजे यंत्र चालू आहे, करंट मानेतल्या नसेपर्यंत पोहोचतो आहे. वायर ठीक, बॅटरी ठीक. रात्रीच्या फिट्स जवळजवळ गेल्या होत्या. पण मोंढ्यात तो पडायचाच. अप्पांचं म्हणणं पडलं की ओरडताना मान ताणली जाते, तेव्हा वायरचं वेटोळं सुटत असणार. मान पुन्हा उघडून बघावं लागेल. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. भावाने पुन्हा निरोप पाठवला की आता आणखी एकदा पडला तर घरीच बसवतो. त्याच आठवड्यात सर आले.

सरांनी रीतीप्रमाणे जुगलला बाजूला ठेवलं आणि त्याच्या बायकोला विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "घरी आले की घोगरं बोलतात. जेवताना तर लईच. मोंढ्यात मात्र असा आवाज लागतो की आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतो. मी यांना म्हनते, घरच्यांसाठीच आवाज उरत न्हाई का तुमच्याकडं?"

जुगल हसला. सर हसले नाहीत. ते अप्पांना म्हणाले, "मान उघडायच्या आधी मोंढा उघडा. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मोंढ्यात उभे होतो. ढिगाभोवती खरेदीदारांचं कडं, हमालांची ये-जा, आणि मधोमध जुगल. "बोला भाऊ, बोला! माल बघा, मंग तोंड उघडा! तुमचं काय, शेठ? नुसतेच दाणे चावून राह्यले का बोलताय बी?" सर कान त्याच्याकडे करून, मान खाली घालून उभे. एक शेतकरी त्यांना म्हणाला, "काका, माल घ्यायचाय का नुसतंच ऐकून राह्यले?" सर म्हणाले, "ऐकूनच राह्यलो." पाच मिनिटं गेली, दहा गेली. जुगलचा आवाज एकदाही घोगरा झाला नाही. मला तेव्हा उमगलं की सर काय ऐकताहेत. यंत्र बंद होतं.

एक ढीग संपला तसे सर पुढे झाले. "जुगल, चुंबक कुठाय?"

जुगलचा चेहरा उजळला. त्याने शर्टाची वरची बटणं सोडली, बंडीच्या आतल्या चोरखिशात हात घातला आणि चुंबक काढून दाखवलं. डावी छाती, बरोबर यंत्रावर. व्यापाऱ्याच्या बंडीला तिथे चोरखिसा असतोच. त्याच्या आजोबांनीही दिवसाची रोकड तिथेच ठेवली होती. घरातली किमती वस्तू, हरवायची नाही, चोवीस तास जवळ ठेवायची. मग ती दुसरीकडे कुठे ठेवणार? सकाळी बंडी घातली की यंत्र बंद, घरी येऊन बंडी काढली की यंत्र चालू. आणि आमच्या दवाखान्यात तर तो बंडी काढूनच बसायचा.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "अरे, यंत्रावर धरलं की बंद होतं, हे तुला सांगितलं होतं ना?"

"मी कुठं धरलं, अप्पा? मी तर खिशात ठेवलं," जुगल म्हणाला. "साहेबच म्हनले व्हते, जवळ ठेव. याच्यापेक्षा जवळ कुठंय?"

सर एका पोत्यावर बसले. मग म्हणाले, "त्याचं बराबर हाय. मी सांगितलं, पन ठेवशील कुठं हे विचारलं न्हाई. पँटीच्या पट्ट्याला लावून द्यायला पाहिजे व्हतं. चूक माझी." नंतर जिथे जिथे ते शिकवायला गेले, तिथे ही गोष्ट त्यांनी सांगितली, आणि दर वेळी 'माझी चूक' या शब्दांनीच सुरू केली. मला हे इतर गावांतल्या डॉक्टरांकडून कळलं.

तिथून निघायच्या आधी त्यांनी आणखी एक काम केलं. हमाल म्हणत होते की जुगलशेठ पडले की आम्ही लगेच चप्पल हुंगवतो, कांदा फोडतो. सरांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. स्वतः पोत्यांवर आडवे झाले, हातपाय झाडले आणि म्हणाले, "आता मला कुशीवर करा. तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका." एक म्हातारा हमाल घाबरून म्हणाला, "काका, खरंच आली का काय?" त्यावर सर झोपल्या झोपल्याच हसले. मग चौघा-पाचजणांकडून त्यांनी स्वतःला आळीपाळीने कुशीवर करून घेतलं.

पण खरी अडचण चुंबक पट्ट्याला लागल्यावर सुरू झाली. आता यंत्र दिवसाही चालू झालं आणि भर हर्राशीत जुगलचा आवाज फाटू लागला. मोंढा म्हणजे मोंढा. "जुगलशेठ, कोंबडं गिळलं का काय आज?" आठवड्याने तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत न बसताच म्हणाला, "मॅडम, पडत व्हतो तेच बरं व्हतं. पडलेला मानूस उठतो तरी. आवाज गेला तर मी मोंढ्यात काय करू?" भाऊ मुनीमजींना पुढे करायला टपलेलाच होता.

मी सरांना फोन लावला. मला वाटलं, ते येतील आणि आकडे बदलून देतील. ते आले नाहीत. म्हणाले, "ताई, आकडा वाढवायला कोनीबी शिकतं. कमी करायला शिका. करंट एक पायरी खाली घ्या. करंटची लहर अरुंद करा. हर्राशीच्या वेळेला हळू, दुपारपासून पुरा. त्याला समोर बसवून हर्राशी बोलायला लावा अन् ऐका. मला विचारू नका, त्याच्या गळ्याला विचारा." फोन ठेवताना म्हणाले, "तुम्हाला येतंय हे."

मग माझ्या ओपीडीत हर्राशी झाली. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावत होते. जुगल सोयाबीन विकत होता, मी आकडे खाली आणत होते, अप्पा खोटीखोटी बोली लावत होते आणि दर वेळी हरत होते. तीन-चार भेटी लागल्या. आवाज पूर्ण सुटला नाही, पण फाटायचा थांबला. अर्धा मिनिट जरा जाड व्हायचा, इतकंच. बाकीचं जुगलनेच जमवलं. गळ्यात झिणझिण्या आल्या की तो बोलायचं थांबायचा, हात वर करून खरेदीदारांकडे नुसता बघत राहायचा. त्या शांततेत कुणाला तरी राहवत नसे आणि तो बोली चढवायचा. थोड्याच दिवसांत मोंढ्यात म्हण पडली, जुगल थांबला की भाव चढतो. शेतकरी माल घेऊन मुद्दाम त्याच्याच ढिगाला येऊ लागले.

त्याच वर्षी एकदा हर्राशी चालू असताना जुगलला जळक्या दुधाचा वास आला. त्याची फिट याच वासाने सुरू होते. त्याने पट्ट्याचं चुंबक काढलं, छातीवरून फिरवलं, बाजूला घेतलं आणि पोत्यावर जाऊन बसला. म्हातारा हमाल शेजारी येऊन उभा राहिला. काही झालं नाही. जुगल पाणी प्यायला आणि उठून त्याने पुढचा ढीग बोलायला घेतला. भावाने त्यानंतर मुनीमजींचं नाव काढलं नाही. फिट्स पूर्ण गेल्यात असं मी म्हणणार नाही. सरांनी तसं म्हणायला आम्हाला बंदीच घातली होती. "बंद होतील असं कोनाला सांगू नका. कमी होतील म्हना. कमी व्हनं लई असतं." वर्षात एखादी येते. गोळ्या चालू आहेत. हर्राशीही चालू आहे.

आता आमच्याकडे यंत्राचे पेशंट बरेच आहेत. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरचे आहेत, मंठ्याचे आहेत. यंत्र दिल्यावर चुंबक कुठे ठेवणार हे आम्ही पेशंटला तोंडी विचारत नाही. आमच्यासमोर ठेवून दाखवायला लावतो. आणि वर्षातून एकदा मी किंवा अप्पा, आमच्यापैकी कुणीतरी पेशंटच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहतं. हे सरांनी कुठे लिहून दिलेलं नाही. आमच्याकडे ते तसं होऊन बसलं आहे. शेजारच्या जिल्ह्यांतले डॉक्टर शिकायला आमच्याकडे येतात, त्यांनाही आम्ही हेच करायला लावतो. कुणी कुरकुरलं की अप्पा त्याला ओपीडीतल्या खुर्चीत बसवतात.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधी काही महिने ते अंथरुणावरच होते. फोनवर बोलायला दम लागायचा, म्हणून मी आठवड्यातून एकदाच करायची, तोही थोडाच. शेवटचा फोन त्यांनी आपण होऊन केला. मी तेव्हा जुगलच्या वर्षाच्या फेरीला मोंढ्यात गेले होते. त्यांनी विचारलं, "कसला गलबला हाय?"

"मोंढ्यात आहे, सर. जुगल हर्राशी बोलतोय."

"मंग तुम्ही कशाला बोलता? फोन तिकडं करा."

मी फोन ढिगाकडे धरला. जुगल भरात होता. "बोला भाऊ, बोला, पाव्हन्यावानी उभं राहू नका!" मग मध्येच त्याचा आवाज जाड झाला आणि थांबला. हात वर. सगळं कडं गप्प. एकाने बोली चढवली, मागून दुसऱ्याने. अर्धं मिनिट सरलं आणि जुगलचा आवाज परत मोकळा झाला, मोंढ्याच्या पत्र्यांवरून पार रस्त्यापर्यंत. मी फोन कानाला लावला. पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता.

"बराबर हाय," सर म्हणाले. "जा ताई आता. ओपीडीला पेशंट बसले असतील."